चिलर सुरू होण्याआधीचे दिवस

चालू चिलरपाशी, म्हणजे मोठ्या इमारतीच्या एसीसाठी पाणी थंड करणाऱ्या यंत्रापाशी, उभं राहताना मला काळजी नसते. पाण्याचा प्रवाह तुटला तर तो स्वतः थांबतो. कंडेन्सरचा (थंडावा देणाऱ्या गॅसची उष्णता पाण्यात सोडणाऱ्या भागाचा) दाब चढला, तेलाचा दाब पडला, बाहेर पडणारं पाणी गोठायच्या जवळ गेलं, तरी थांबतो. कशामुळे थांबलो ते पडद्यावर दाखवतो आणि कुणी येऊन रीसेट करेपर्यंत हलत नाही. माझी झोप उडते ती त्याच्या आधीच्या आठवड्यांत. मशीन पायावर बसलेलं असतं, पाइप जोडलेले असतात, पण कंट्रोलची केबल अजून गुंडाळी करून भिंतीला टांगलेली असते. प्लांटरूमचा एक्झॉस्ट पंखा बसवलाय, त्याला सप्लाय नाही. गच्चीवरच्या कूलिंग टॉवरमध्ये, म्हणजे कंडेन्सरमधून आलेलं गरम पाणी हवेने थंड करणाऱ्या यंत्रात, फिल (पाणी पसरवणारे प्लास्टिकचे पातळ पत्रे) भरून झालंय, पाणी अजून यायचंय.

कमिशनिंगच्या, म्हणजे नवं यंत्र तपासून पहिल्यांदा चालू करून देण्याच्या, कामात मी ज्या गंभीर घटना पाहिल्या किंवा जवळून ऐकल्या, त्यातल्या बहुतेक या अर्धवट अवस्थेत घडल्या. डिझाइन करणारा चालू यंत्राचा विचार करतो, ऑपरेटरही चालू यंत्रच ताब्यात घेतो. मधल्या काळातल्या यंत्राकडे संरक्षण म्हणून फक्त आजूबाजूची माणसं असतात, आणि त्या माणसांवर तारखेचं ओझं असतं. सिव्हिलचं काम लांबलं, केबल उशिरा आली, तरी उद्घाटनाची तारीख हलत नाही. सगळा उशीर शेवटी कमिशनिंगच्या दिवसांतून कापला जातो. या कामात नव्याने येणाऱ्यांना त्या दिवसांतलं काय काय डोळ्यांत तेल घालून बघायचं, ते इथे लिहितेय.

क्रेनच्या दिवशी सगळेच जागे असतात, त्यामुळे त्यावर थोडक्यात. चिलरचा गुरुत्वमध्य बहुधा मधोमध नसतो. कॉम्प्रेसर आणि स्टार्टर पॅनेल ज्या बाजूला, तिकडे तो सरकलेला असतो. ड्रॉइंगवर तो बिंदू दाखवलेला असतो, तो पाहून स्लिंग लावायचे आणि स्प्रेडर बीम वापरायचा, म्हणजे स्लिंग पॅनेलला आणि बारीक पाइपांना दाबत नाहीत. कॉम्प्रेसरवरचा आयबोल्ट (उचलायची कडी) कॉम्प्रेसरपुरता असतो, त्यावर सगळं मशीन टांगायचं नाही. टॉवरच्या बाबतीत रिकामं वजन आणि पाण्यासकटचं वजन यांत फार मोठा फरक असतो. रिकामा टॉवर गच्चीवर बिनबोभाट बसला, म्हणून भरलेला बसेल असं नाही. खालच्या बीमच्या हिशोबात चालू वजन धरलंय का, हे कागदावर पाहिल्याशिवाय मी बेसिनमध्ये पाणी सोडू देत नाही.

पाइपलाइनची दाबचाचणी पाण्यानेच करायची, साधारणपणे कामाच्या दाबाच्या दीडपट. पाण्याची सोय झाली नाही की कुणीतरी म्हणतंच, "हवा भरून बघू, तेवढंच." तेवढंच नसतं. पाणी जवळपास दाबलं जात नाही, म्हणून जोड सुटला की दाब क्षणात उतरतो. हवा दाबली जाते आणि ती सगळी ऊर्जा धरून बसते. तोच जोड हवेच्या दाबाखाली सुटला तर ब्लाइंड फ्लँज (पाइपाचं तोंड बंद करणारी लोखंडी तबकडी) समोरच्या भिंतीपर्यंत जाते. पाण्याच्या चाचणीतसुद्धा वरच्या टोकांचे व्हेंट उघडून हवा पूर्ण काढायची, नाहीतर तोच धोका आपण पाइपात कोंडून ठेवलेला असतो. चिलर, कॉइल आणि रबरी बेलो (पाइपांमधले लवचिक जोड) चाचणीतून वेगळे काढायचे. बेलो ताणून फाटतात, आणि फाटताना शेजारी उभ्या माणसाला वेळ देत नाहीत.

काही चिलर थंडावा देणारा गॅस (रेफ्रिजरंट) भरून येतात, काही नुसता नायट्रोजन भरून, काही सुट्या भागांत. शेवटच्या दोन प्रकारांत गळतीची चाचणी, व्हॅक्यूम आणि गॅस भरणं ही तीन कामं साइटवर होतात. हाच या प्रवासातला सगळ्यात नाजूक टप्पा.

गळतीची चाचणी कोरड्या नायट्रोजननेच. ऑक्सिजनचा सिलिंडर चुकूनही जवळ आणायचा नाही. दाबाखालचा ऑक्सिजन आणि कॉम्प्रेसरचं तेल एकत्र आलं की स्फोट होतो, त्याला ठिणगीचीही गरज लागेलच असं नाही. साधी दाबाची हवाही नको, कारण चिलरमध्ये वापरला जाणारा आर-१३४एसारखा एरवी न पेटणारा गॅस दाबाखाली हवेत मिसळला की पेटू शकतो. नायट्रोजनच्या भरलेल्या सिलिंडरमध्ये साधारण १५० बार दाब असतो आणि चिलरचं शेल (नळ्यांभोवतीचं टाकीसारखं आवरण) त्याच्या एका छोट्या भागासाठी बनवलेलं असतं. रेग्युलेटर आणि त्याच्या पुढे रिलीफ व्हॉल्व्ह नसेल तर काम सुरूच करायचं नाही. दाबही टप्प्याटप्प्याने चढवायचा, प्रत्येक टप्प्यावर थांबून, ऐकून.

गेजवरचा आकडा सकाळी उतरलेला दिसला की साइटवर दोन तट पडतात. एक म्हणतो लीक आहे, दुसरा म्हणतो रात्री गारठा होता. हा वाद घालायचं कारणच नाही. समजा संध्याकाळी ३० अंशांना गेजवर १० बार होते, म्हणजे वातावरणाचा १ बार धरून निरपेक्ष ११ बार. पहाटे तापमान २० अंश झालं. केल्विनमध्ये ३०३ चे २९३ झाले. ११ गुणिले २९३ भागिले ३०३, म्हणजे १०.६४. गेजवर ९.६४ दिसायला हवेत. तेवढेच दिसले तर लीक नाही, ९.४ दिसले तर साबणाचं पाणी घेऊन शोधायला लागायचं. त्यासाठी दाबासोबत शेलचं तापमान लिहून ठेवावं लागतं, आणि नेमकं तेच लिहायचं राहून जातं.

चाचणी संपली की नायट्रोजन सोडायचा तो इमारतीच्या बाहेर, होज लावून. तळघरातल्या प्लांटरूममध्ये तो तसाच सोडून देणं म्हणजे खोलीतला ऑक्सिजन ढकलून देणं. हवेत ऑक्सिजन २०.९ टक्के असतो आणि १९.५ च्या खाली गेला की मीटर ओरडतो. नायट्रोजनला वास नाही, रंग नाही, घशाला खवखव नाही. शुद्ध नायट्रोजनचे एक-दोन श्वास माणसाला बेशुद्ध करतात, आणि त्याला काढायला धावलेला दुसरा माणूसही तिथेच पडतो. म्हणून या दिवसांत ऑक्सिजन मीटर माझ्या खिशाला लावलेला असतो, ऑफिसच्या कपाटात नाही.

मग व्हॅक्यूम. उद्दिष्ट साधारण ५०० मायक्रॉन (पाऱ्याच्या स्तंभाच्या उंचीत मोजलेला दाब) किंवा उत्पादक सांगेल ते. वातावरणाचा दाब या मोजमापात ७,६०,००० मायक्रॉन भरतो, म्हणजे आपण किती खाली चाललोय ते लक्षात येईल. पंप चालू आहे, आकडा भराभर उतरतोय आणि ४,६०० च्या आसपास येऊन अडला, तर मी लगेच पंपाचं तेल बदला म्हणत नाही. शून्य अंशावर पाण्याचा बाष्पदाब नेमका तेवढाच असतो. आत कुठेतरी पाणी आहे, ते उकळताना स्वतःच थंड होत होत गोठायला आलंय आणि आता हळूहळू वाफ सोडतंय. अशा वेळी व्हॅक्यूम तोडून कोरडा नायट्रोजन भरायचा, शेल कोमट करायचं आणि पुन्हा ओढायचं. पंप बंद करून आकडा धरतो का ते पाहतानाही असंच वाचता येतं. थोडा चढून स्थिरावला तर ओलावा, चढतच राहिला तर गळती.

एक ताकीद इथेच. मशीन व्हॅक्यूममध्ये असताना हर्मेटिक (मोटर आतच बंद असलेल्या) कॉम्प्रेसरच्या मोटरला मेगर (जास्त व्होल्टेज देऊन इन्सुलेशन तपासणारं उपकरण) लावायचा नाही आणि सप्लाय तर मुळीच द्यायचा नाही. विरळ वायूत विजेला उडी मारणं सोपं जातं, वाइंडिंग आतल्या आत जळतं. इलेक्ट्रिकलची टीम वेगळी, रेफ्रिजरेशनची वेगळी, दोघांच्या याद्या वेगळ्या. त्यामुळे ब्रेकरवर कुलूप आणि पाटी दोन्ही हवं, "व्हॅक्यूम चालू आहे" एवढं ठळक लिहिलेली.

आता गॅस भरणं. यावर मी जरा जास्त बोलणार आहे, कारण इथे होणारं नुकसान डोळ्यांना दिसत नाही आणि आवाजही करत नाही.

आर-१३४ए वातावरणाच्या दाबाला उणे २६ अंशांवर उकळतो. रिकाम्या, व्हॅक्यूम केलेल्या शेलमध्ये तुम्ही सिलिंडर उलटा करून द्रव गॅस सोडलात, तर आतला दाब इतका कमी असतो की तो द्रव त्याहूनही थंड होत उकळतो. इव्हॅपोरेटरच्या (जिथे गॅस उकळून पाणी थंड करतो त्या भागाच्या) तांब्याच्या नळ्या त्या थंडीत बुडतात. नळ्यांची भिंत बहुतेक यंत्रांत एक मिलिमीटरहूनही पातळ असते. आत आधीच्या कामातून राहिलेलं, न हलणारं पाणी असलं तर ते गोठतं, गोठताना साधारण नऊ टक्के फुगतं आणि नळी उभी चिरते. बाहेरून काहीच कळत नाही. दोन-तीन दिवसांनी पंप चालू होतो आणि पाणी गॅसच्या बाजूला शिरतं. मग कॉम्प्रेसर, तेल, फिल्टर ड्रायर, सगळंच गेलं. मशीन एकदाही न चालता भंगारात जायच्या वाटेला लागतं.

यावरचा उपाय साधा आहे आणि त्यात घाई चालत नाही. आधी फक्त वाफ सोडायची, द्रव नाही. आर-१३४एचा शून्य अंशाचा दाब गेजवर साधारण १.९ बार आहे. आतला दाब त्याच्या चांगला वर जाईपर्यंत द्रवाला हात लावायचा नाही. चिल्ड वॉटर (इमारतीकडे जाणारं थंड पाणी) आणि कंडेन्सर, दोन्ही बाजूंचे पंप चालू ठेवायचे, पाणी फिरत ठेवायचं. पंप तयार नसतील तर नळ्या पूर्ण रिकाम्या करायच्या, आणि पूर्ण म्हणजे ड्रेन उघडून, वरचा व्हेंट उघडून, वॉटर बॉक्सच्या तळाला हात घालून खात्री करून. कमी दाबाचे गॅस वापरणाऱ्या सेंट्रिफ्यूगल मशीनमध्ये शून्य अंशाचा दाब वातावरणाच्याही खाली असतो, तिथे हा १.९ चा आकडा कामाचा नाही. त्या गॅसचा तक्ता समोर ठेवायचा.

एकदा गॅस भरणारी टीम रात्री उशिरा आली होती, त्यांना पहाटे दुसरीकडे जायचं होतं. चिल्ड वॉटरचा पंप दुपारपासून बंद, कारण त्याच्या स्ट्रेनरचं (कचरा अडवणाऱ्या जाळीचं) झाकण गळत होतं. त्यांचा म्होरक्या वयाने मोठा, अनुभवी. म्हणाला, "मॅडम, थोडा थोडा द्रव सोडतो, माझ्या हाताला अंदाज आहे." मी म्हटलं, "काका, तुमच्या हाताबद्दल शंका नाही. पण नळीच्या आत काय चाललंय ते तुमच्या हाताला कळणार नाही. आधी झाकण बसवू, पंप फिरवू." गॅस्केट कापायला वेळ गेला. ते नाराज झाले, आणि त्यांचं नाराज होणं मला समजत होतं. पंप सुरू झाल्यावर मात्र त्यांनीच इव्हॅपोरेटरच्या दोन्ही टोकांना थर्मामीटर लावले आणि दाबाचा आकडा दर काही मिनिटांनी मोठ्याने सांगत राहिले.

गॅस खोलीत येण्याआधी खोली तयार हवी, हे तर मी हट्टानेच धरते. गळती ओळखणारा सेन्सर चालू, एक्झॉस्ट पंखा कायमच्या किंवा तात्पुरत्या सप्लायवर फिरता, रिलीफ व्हॉल्व्हचा पाइप इमारतीबाहेर नेलेला आणि त्याच्या तोंडावरची वाहतुकीची टोपी काढलेली. आर-१३४ए विषारी नाही आणि एरवी पेटत नाही, म्हणून लोक त्याला निरुपद्रवी समजतात. पण तो हवेपेक्षा जड आहे, खड्ड्यात आणि केबल ट्रेंचमध्ये साचतो. युरोपच्या ईएन ३७८ मानकात त्याची व्यवहार्य मर्यादा (माणसांच्या सुरक्षिततेसाठी खोलीच्या हवेत चालेल एवढा गॅस) घनमीटरला ०.२५ किलो धरली आहे. १० बाय ८ मीटरची, ४ मीटर उंचीची खोली ३२० घनमीटरची. म्हणजे ८० किलो गॅस सुटला की मर्यादा गाठली. मध्यम आकाराच्या वॉटर कूल्ड चिलरमध्ये याच्या कितीतरी पट गॅस असतो. शिवाय त्याच खोलीत कुणी वेल्डिंग करत असेल, तर ज्वाळेत हा गॅस फुटून हायड्रोजन फ्लोराइड तयार होतो, आणि ते फुप्फुसं जाळतं. म्हणून गॅस आला की खोलीतलं हॉटवर्क, म्हणजे वेल्डिंग-कटिंगसारखं काम, बंद.

आता टॉवर.

कूलिंग टॉवर पेटतो, हे सांगितल्यावर नवखे माझ्याकडे अविश्वासाने बघतात. पाणी फिरत असताना तो पेटणं अवघडच आहे. पण कोरड्या टॉवरमध्ये काय असतं ते बघा. प्लास्टिकच्या पातळ पत्र्यांचं फिल, एकावर एक रचलेलं, मध्ये हवा जायला मोकळी वाट. त्यावर प्लास्टिकचेच ड्रिफ्ट एलिमिनेटर (हवेसोबत जाणारे तुषार अडवणारे पत्रे). बाहेर फायबरचं आवरण. वरती पंख्याचं उघडं तोंड. खाली हवा आत यायला चारी बाजू मोकळ्या. धूर वर ओढून घ्यायला याहून चांगली रचना मुद्दाम करायची म्हटली तरी होणार नाही. त्यात बेसिनमध्ये फिलच्या पॅकिंगचे पुठ्ठे आणि पॉलिथिन पडलेलं.

मी पाहिलेली ठिणगी त्या पुठ्ठ्यावरच पडली होती. वर पंख्याच्या डेकवर कठड्याचा एक ब्रॅकेट वेल्ड करायचा राहिला होता. वेल्डर दुसऱ्या कंत्राटदाराचा, त्याला टॉवरची माहिती असायचं कारण नव्हतं. ठिणग्या एलिमिनेटरच्या फटीतून खाली गेल्या. मी शिडीवरून उतरत होते, बेसिनच्या कोपऱ्यातून बारीक धूर दिसला, पुठ्ठ्याची कड लाल होऊन आत आत सरकत होती. गच्चीवर पाण्याची लाइन आली नव्हती. गवंड्यांच्या पिंपातून बादली आणली आणि विझवलं. वरचा माणूस खाली डोकावून म्हणाला, "मॅडम, पाण्याच्या टॉवरला कसली आग लागतेय?" त्याच्यावर ओरडण्यात अर्थ नव्हता. परवाना देणाऱ्याने त्याला कुठे उभं केलंय हेच सांगितलं नव्हतं.

तेव्हापासून माझ्या क्रमात फिल सर्वांत शेवटी येतं. वेल्डिंग, कटिंग, ग्राइंडिंग सगळं संपलं, बेसिन झाडून झालं, पाण्याची लाइन गच्चीपर्यंत आली, मगच फिलचे गठ्ठे उघडायचे. नंतर काही राहिलंच तर बोल्टने जोडायचं. अगदी नाइलाज असेल तर फिलवर आगरोधक ब्लँकेट, हातात भरलेला होज धरलेला माणूस, आणि काम संपल्यावर किमान तासभर त्याच माणसाची तिथे राखण. ग्राइंडरच्या ठिणग्यांनाही हेच लागू. त्या वेल्डिंगच्या मानाने किरकोळ समजल्या जातात, पण पुठ्ठ्याला फरक कळत नाही.

पंख्याबद्दल एक गोष्ट. वीज जोडलेली नाही म्हणून पंखा स्थिर आहे, असं धरायचं नाही. गच्चीवरचा वारा रिकाम्या पंख्याला फिरवतो, आणि मोठा पंखा उलटा फिरू लागला की हाताने थांबत नाही. आत जायचं तर पाती दोरीने किंवा क्लॅम्पने बांधायची, आयसोलेटरला कुलूप लावायचं, आणि आत जाणाऱ्या प्रत्येकाने आपापलं कुलूप लावायचं. किल्ली ज्याची त्याच्या खिशात. मोटरची दिशा तपासायला क्षणभर सप्लाय देण्याआधी खालून हाक मारून चालत नाही. आतल्या माणसाला पंख्याच्या खोलीत हाक ऐकू येत नाही. कुलपं मोजायची.

पाणी भरल्यावर नवाच धोका सुरू होतो, आणि तो आपल्यापुरता न राहता रस्त्याने जाणाऱ्यापर्यंत पोचतो. टॉवरमध्ये पाणी साधारण ३७ अंशांनी येतं आणि ३२ अंशांनी जातं. लेजिओनेला हा जिवाणू २० ते ४५ अंशांत वाढतो. म्हणजे आपण त्याला हवं ते तापमान, हवा, गाळ आणि वर बारीक तुषार उडवणारा पंखा असं सगळं पुरवतो. १९७६ साली फिलाडेल्फियात अमेरिकन लीजनच्या अधिवेशनाला आलेले लोक न्यूमोनियाने आजारी पडू लागले, आणि कारणीभूत जिवाणू १९७७ मध्ये सापडला. नाव त्यावरूनच पडलं. पण कमिशनिंग करणाऱ्याने लक्षात ठेवायचं उदाहरण मेलबर्नचं आहे. तिथलं मत्स्यालय २००० च्या जानेवारीत उघडलं, आणि एप्रिलमध्ये तिथे येऊन गेलेल्यांत हा आजार पसरला. १२५ जणांना लागण झाल्याचं निश्चित झालं, चौघांचा मृत्यू झाला. स्रोत होता इमारतीचे कूलिंग टॉवर. टॉवर जुने, गंजके नव्हते. इमारत नवीकोरी होती.

नव्या टॉवरमध्ये हे का होतं, त्याचं उत्तर पुन्हा त्या अर्धवट अवस्थेत आहे. फ्लशिंगसाठी पाणी भरतात. पंप दोन दिवस चालतात. मग केबल नाही, पॅनेल नाही म्हणून काम थांबतं आणि ते पाणी आठवडेच्या आठवडे तसंच उभं राहतं. त्यात सिमेंटची धूळ, वेल्डिंगचा जळका कचरा, कापसाचा चिंधा, कबुतरांची पिसं. पाण्याला औषध घालणारी एजन्सी "सिस्टीम हँडओव्हर झाल्यावर" येणार असते. मग एके सकाळी कुणीतरी पंप आणि पंखा एकदम सुरू करतो आणि ते सगळं साचलेलं गच्चीवरून हवेत जातं.

माझा नियम असा की पहिला थेंब भरण्याआधी पाण्याचं औषध आणि ते घालणारा माणूस साइटवर हवा. फ्लशिंगचं घाण पाणी फिलवरून न्यायचं नाही, बायपासने थेट काढायचं. चिलरलाही या वेळी बायपास, नाहीतर पाइपातला सगळा कचरा त्याच्या नळ्यांत जाऊन बसतो. वेग पुरेसा ठेवायचा, सेकंदाला दीड मीटरच्या आसपास, कमी वेगात जड कचरा तळाशीच राहतो. स्ट्रेनर स्वच्छ निघेपर्यंत पुन्हा पुन्हा काढायचा. फ्लशिंग संपल्यावर पाइप रिकामे ठेवायचे नाहीत, कारण ओल्या उघड्या लोखंडावर रात्रीत गंज चढतो. लगेच औषध घातलेलं पाणी भरायचं आणि रोज थोडा वेळ फिरवायचं. टॉवरचं निर्जंतुकीकरण करताना पंखा बंद. दोन टॉवरना जोडणारी इक्वलायझर लाइन, बंद ठेवलेला स्टँडबाय पंप, कधीच न उघडणारा ड्रेन, इथे पाणी हलत नाही. त्यांचे व्हॉल्व्ह उघडून औषध तिथपर्यंत पोचवायचं. काम दोन आठवडे थांबणार असेल तर बेसिन रिकामं करा, असं मी लेखी देते.

जस्ताचा मुलामा असलेल्या टॉवरला आणखी एक जपणूक लागते. पहिले काही आठवडे पाण्याचा पीएच ७ ते ८ च्या मध्ये ठेवला तर जस्तावर करडा, घट्ट थर बसतो. सुरुवातीलाच पीएच चढला तर पांढरा, भुसभुशीत गंज येतो आणि मुलामा खाऊन टाकतो. उद्घाटनाच्या गडबडीत याकडे कुणी बघत नाही, आणि नुकसान मात्र टॉवर असेपर्यंत राहतं.

आता सुरू करायच्या आधीची शेवटची तपासणी, इंटरलॉक, म्हणजे धोका दिसला की चिलर थांबवणाऱ्या जोडण्या. साइटवर फ्लो स्विचला (पाणी वाहतंय का ते ओळखणाऱ्या स्विचला) तात्पुरता जंपर, म्हणजे त्याला वगळून जाणारी वायर, मारणं फार सहज होतं. "फक्त पंप चेक करायचाय" म्हणून मारतात आणि राहून जातो. माझ्याकडे जंपरसाठी लाल वायरीचे तुकडे असतात, प्रत्येकाला नंबरची पट्टी. कुठे लावला, कुणी लावला, कधी काढला, हे वहीत. फ्लो स्विच, हाय प्रेशर आणि फ्रीझ या तिघांना मात्र मी जंपर मारूच देत नाही. त्यांची परीक्षाही खरीच घ्यायची. फ्लो स्विचची वायर काढून चिलर थांबला, तर एवढंच कळतं की वायर जोडलेली होती. पंप बंद करून किंवा व्हॉल्व्ह हळूहळू आवळून चिलर थांबला पाहिजे. पॅडलचा स्विच उलट्या दिशेने बसवलेला, पाइपाच्या वळणाला चिकटून बसवलेला, आत गाळाने अडकलेला, असे सगळे प्रकार या एका चाचणीत उघडे पडतात. हाय प्रेशरची चाचणी कंडेन्सरचं पाणी हळूहळू कमी करून घेताना एक माणूस फक्त आणीबाणीच्या बटणापाशी उभा करायचा. त्याला दुसरं काम द्यायचं नाही.

विजेकडचं थोडक्यात. स्क्रू कॉम्प्रेसर काही सेकंद उलटा फिरला तरी खराब होतो, म्हणून फेज सीक्वेन्स (सप्लायच्या तीन फेजचा क्रम) आधी तपासायचा, आणि सप्लाय जनरेटरवरून कायमच्या फीडरवर गेला की पुन्हा तपासायचा. चिलर सुरू करण्याआधी ऑइल हीटर साधारण २४ तास अखंड चालू हवा. थंड तेलात गॅस विरघळलेला असतो, सुरू होताच तेल फेसाळतं आणि बेअरिंगला तेलाऐवजी फेस मिळतो. तात्पुरता सप्लाय रात्री कुणी बंद केला तर ते २४ तास पुन्हा मोजायचे. मी तेलाचं तापमान संध्याकाळी आणि सकाळी दोन्ही वेळा लिहून घेते.

पहिल्यांदा सुरू करताना क्रम असा: चिल्ड वॉटर पंप, कंडेन्सर पंप, टॉवरचा पंखा, सगळ्यात शेवटी चिलर. बंद करताना चिलर आधी, पंप काही मिनिटं फिरू द्यायचे. कंडेन्सर पंप पहिल्यांदा सुरू करताना बेसिनकडे माणूस हवा. वरचा हेडर भरेपर्यंत बेसिनची पातळी झरकन उतरते, पंपाने हवा ओढली तर तो आदळायला लागतो. पंप बंद केल्यावर तेच पाणी खाली येतं आणि फ्लोट चुकीचा लावला असेल तर ओव्हरफ्लोतून औषधासकट वाहून जातं.

चिलर चालला, पाणी ७ अंशांवर आलं, की टाळ्या वाजतात. मला त्या वेळी फक्त रीडिंग हवी असतात: दोन्ही बाजूंचं पाण्याचं आणि गॅसचं तापमान, त्यांतला फरक, तेलाचा दाब, करंट, टॉवरपाशीचं वेट बल्ब (ओल्या थर्मामीटरवरचं हवेचं तापमान). हीच पुढच्या ऑपरेटरची मोजपट्टी. वर्षभराने कंडेन्सरचा फरक दोन अंशांनी वाढलेला दिसला तर नळ्यांत क्षार बसले हे त्याला कळेल, पण त्यासाठी नव्या मशीनचा आकडा कुणीतरी लिहून ठेवलेला हवा.

रिकाम्या इमारतीत मात्र चिलरला भारच नसतो. वीस-पंचवीस टक्क्यांवर चाललेल्या मशीनच्या रीडिंगवरून पूर्ण भाराबद्दल काही म्हणता येत नाही, टॉवरबद्दल तर मुळीच नाही. म्हणून हँडओव्हरच्या कागदावर मी "पूर्ण भाराची चाचणी बाकी" असं लिहिते, ती कोणत्या महिन्यात होणार आणि कोण करणार ते लिहिते, जंपरची वही आणि पाण्याच्या तपासणीचा पहिला अहवाल त्याला जोडते. ऑपरेटरची सही त्या पानावर घेते, आणि तोवर ऑइल हीटरच्या ब्रेकरला हात लावू नका असं त्याच्यादेखत पॅनेलवर लिहून चिकटवते.